तीन फुटांच्या समुद्रात कोण कोणाशी नांदेल?

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून मुद्द्याचा भाग देतो.

"दोन महिन्यांपूर्वी आम्ही घरी खाऱ्या पाण्याची टाकी लावली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. टाकी तयार व्हावी म्हणून दुकानदाराने तीन डॅमसेल दिले. त्यातला काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, बाकी दोघांना खडकाच्या आसपास फिरकू देत नाही. एक निळा मागच्या आठवड्यात गेला, दुसऱ्याची शेपूट कुरतडलेली आहे. आता दुकानदाराने पुढची यादी दिली आहे: दोन निमो, एक डोरी, एक मँडरिन, एक क्लीनर रास आणि लायनफिशचं पिल्लू. लायनफिशसाठी दोन हजार आगाऊ भरलेत. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला निमो आणि डोरी हवेतच, शिवाय समुद्रघोडाही. हे म्हणतात, अलिबागहून समुद्राचं पाणी कॅनमधून आणू, मिठाचा खर्च वाचेल. मला एवढंच सांगा, यातले कोण कोणाबरोबर सुखाने राहतील? डोळ्यांदेखत मासे मरताना बघवत नाही."

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लगेच लिहायला बसलो. दुकानदाराच्या यादीतले फक्त निमो तुमच्या टाकीत राहू शकतात. बाकीचे चारही नकोत, आणि प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. पण आधी तो काळा मासा बाहेर काढा. तो आत असेपर्यंत तुम्ही कितीही शांत मासा आणलात तरी त्याचे हालच होणार.

दुकानात त्याला डॉमिनो म्हणतात. लहानपणी दोन रुपयांच्या नाण्याएवढा दिसतो, मोठेपणी १२-१४ सेंटिमीटर होतो आणि वाढत्या अंगाबरोबर त्याचा ताबाही वाढतो. स्वस्त आणि चिवट, म्हणून नव्या टाकीत अमोनियाचा, म्हणजे विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून सुटणाऱ्या विषाचा, मारा झेलायला त्याला सोडायची पद्धत पडली. ती बंद व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. एक तर त्या जिवाचे हाल होतात. दुसरं म्हणजे जो पहिला आत शिरतो तो सगळी टाकी आपली मानतो. टाकी तयार करायला मासा लागतच नाही. चिमूटभर खाद्य किंवा कोळंबीचा तुकडा पाण्यात कुजू दिला तरी जिवाणूंना हवा तो अमोनिया मिळतो, आणि चार ते सहा आठवड्यांत ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करू लागतात.

त्याला जाळीने पकडायला जाऊ नका, खडकात घुसून बसेल आणि तुम्ही दमाल. पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्या, मानेपासून कापा, तो भाग उलटा करून आत बसवा म्हणजे नरसाळं होईल. आत थोडं खाद्य टाकून बाटली त्याच्या बिळासमोर आडवी ठेवा. त्या दिवशी बाकी खायला घालू नका. डॅमसेल हावरा असतो, बहुतेक वेळा तासाभरात आत शिरतो. मग दुकानात परत करा. कुरतडलेल्या शेपटीचा निळा मासा, पाणी स्वच्छ असेल आणि तो खात असेल, तर बरा होईल. शेपटीचा पडदा पुन्हा येतो. तोही डॅमसेलच आहे, त्यामुळे बरा झाला की त्यालाही परत द्या आणि टाकी एकदा पूर्ण रिकामी होऊ द्या. त्याचा दुसरा फायदा खाली सांगतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. माणसं मासे निवडतात रंगावरून, आणि मासे एकमेकांना पारखतात जागेवरून. प्रवाळाच्या खडकात प्रत्येकाचं एक बीळ असतं, खायची एक जागा असते आणि त्याभोवती एक हद्द असते. त्या हद्दीवर हक्क सांगू शकेल असा मासा म्हणजे शत्रू. म्हणून बहुतेक मासे सगळ्यात जास्त चिडतात ते आपल्याच जातीच्या, आपल्याच आकाराच्या किंवा आपलंच खाणं खाणाऱ्या माशावर. डोंबिवली फास्टमध्ये रोजच्या खिडकीवर दुसरं कोणी येऊन बसलं की जे होतं, तेच. समुद्रात हरलेला मासा दोन हात लांब पळतो आणि भांडण तिथेच संपतं. काचेच्या टाकीत पळायला जागा नसते, म्हणून तेच भांडण जीव घेईपर्यंत चालतं. तेव्हा यादी करताना रंग बाजूला ठेवा आणि प्रत्येक माशाबद्दल विचारा: हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, टाकीच्या कुठल्या भागात राहतो, काय खातो, आणि त्याच्या तोंडात कोण मावतं?

या प्रश्नांवर तुमची यादी लावून बघू.

डोरी, म्हणजे ब्लू टँग. दुकानात बोटभर असते, समुद्रात ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते. दिवसभर लांब फेऱ्या मारणारा मासा आहे. तीन फुटांत चार वेळा शेपूट हलवली की काच येते. तिला सहा फुटांची टाकी लागते. अपुऱ्या जागेत ती सतत ताणाखाली राहते, आणि ताणाखालच्या टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हमखास गाठतो. तिच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, भांडणात ती तो उगारते. मुलाला नाही म्हणणं जड जाईल, पण निळा-पिवळा मासा तुमच्या टाकीतही येऊ शकतो. त्याच्याकडे पुढे येतो.

लायनफिशचा प्रश्न साधा आहे: त्याच्या तोंडात मावेल ते तो गिळतो, आणि त्याचं तोंड वाटतं त्याहून बरंच मोठं उघडतं. आजचं पिल्लू सहा-आठ महिन्यांनी तुमचे निमो गिळेल. पाठीवरचे काटे विषारी असतात. टाकीत हात घालायला उत्सुक असलेला नऊ वर्षांचा मुलगा घरात असताना तो नकोच.

मँडरिन हा माझ्या मते खाऱ्या पाण्यातला सगळ्यात देखणा मासा. म्हणूनच त्याच्याबद्दल जास्त वाईट वाटतं. तो दिवसभर खडकावरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड टिपत फिरतो, आणि वरून टाकलेल्या खाद्याला बहुतेक मँडरिन तोंड लावत नाहीत. दोन महिन्यांच्या टाकीत असे जीव पुरेसे नसतात. पोट आत जातं, पाठीचा कणा दिसू लागतो, आणि कोणाशीही न भांडता तो उपाशी मरतो. क्लीनर रासचंही तेच. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा मासा, चार-पाच माशांच्या टाकीत त्याचं पोट भरत नाही. 'हा ठिपक्यांचा रोग खाऊन टाकतो' हे तुम्हाला सांगितलं असेल, पण त्या रोगाचा परजीवी कातडीच्या आत शिरून बसलेला असतो, रासच्या तोंडाला लागत नाही. साफसफाई करणारं कोणी बघायला हवं असेल तर क्लीनर कोळंबी ठेवा. लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली ही कोळंबी उरलेलं खाद्यही खाते आणि हात पाण्यात धरला तर नखंसुद्धा साफ करायला येते. तुमचा मुलगा खूश होईल.

समुद्रघोडा मात्र कायद्यानेच नको. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्याला २००१ पासून संरक्षण आहे, तो बाळगणं हा गुन्हा आहे. प्रवाळांनाही तेच लागू होतं. दुकानात 'चालतं हो' म्हणून कोणी मागच्या खोलीतून काढून दिलं तरी घेऊ नका. खडकही प्रवाळाचे तोडलेले न घेता भट्टीत भाजलेले, माणसाने बनवलेले घ्या. जिवाणू त्यांवरही उत्तम वाढतात. सुट्टीत कोकणात गेलात आणि खडकातल्या डबक्यात पिवळे-काळे पट्टेवाले गोड मासे दिसले, तर तेही बाटलीत भरून आणायचे नाहीत. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय ते पट्टेवाले सार्जंट मेजर डॅमसेलच्याच घराण्यातले. वीतभर वाढतात आणि टाकीत कोणालाही जगू देत नाहीत.

तुमची टाकी काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर. खडक आणि वाळू वजा जाता पाणी दीडशेच्या आसपास. एवढ्यात पाच-सहा छोटे मासे, बस. गोड्या पाण्यातल्या गप्पी-मॉलीच्या हिशेबाने जाऊ नका. खाऱ्या आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि हद्दीचा प्रश्न आहेच.

मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात तळापासून केली असती. पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्या जोडीला पिस्तुल कोळंबी. ही जोडी बघायला मिळाली की टीव्ही बंद होतो. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती दिवसभर वाळू उपसून बीळ खणते. गोबीची नजर तीक्ष्ण, पण त्याला खणता येत नाही. मग तो बिळाच्या दाराशी पहाऱ्याला बसतो आणि कोळंबी वाळूचा ढीग ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि कोळंबी त्याच क्षणी मागे सरकते. धोका फारच जवळ आला तर दोघेही आत. यासाठी दोन इंच वाळू लागेल, आणि खडक आधी काचेच्या तळावर पक्के बसवून मग वाळू टाका, नाहीतर तिने खाली खणलं की खडक कोसळतो.

त्याच्या वर, मधल्या पाण्यात, एक फायरफिश. पुढून पांढरा, मागे लालभडक होत गेलेला, पाठीवर उभा लांब पर. एका बिळापाशी पाण्यात तरंगत राहतो आणि येईल तो कण टिपतो. स्वभाव भित्रा. दचकला की उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सुकलेला सापडतो, म्हणून टाकीवर बारीक जाळीचं झाकण हवंच. एकच आणा. दोन आणले तर बहुतेकदा एकजण दुसऱ्याला छळतो.

खडकाच्या सावलीत राहायला एक बंगाई कार्डिनल. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांवरचा, चंदेरी अंगावर काळे पट्टे आणि पांढरे ठिपके. तिथे शौकिनांसाठी इतका पकडला गेला की आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. घ्यायचा तर हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, जन्मलेलाच घ्या, आणि तसा मिळाला नाही तर ही जागा मोकळी ठेवा. याचा नर अंडी तोंडात सांभाळतो आणि तीन-साडेतीन आठवडे काही खात नाही.

आणि मग निमो, ऑसेलारिस क्लाउनफिश. याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण 'जोडी द्या' म्हणून दोन मोठे मासे आणले आणि एकाने दुसऱ्याला मारलं, ही तक्रार मला वारंवार येते. क्लाउनफिश जन्मतः नर म्हणूनच वाढतात. जो सगळ्यात मोठा आणि दांडगा, तो मादी होतो, आणि एकदा मादी झाली की परत नर होता येत नाही. दोन वेगवेगळ्या टाक्यांतून दोन मोठे मासे उचलले तर दोन्ही माद्या असण्याची शक्यता असते, आणि दोन माद्या एका टाकीत नांदत नाहीत. म्हणून दोन लहान पिल्लं घ्या, शक्यतो एकाच घाण्यातली आणि एक दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं. घरी आणल्यावर पहिले काही दिवस मोठं धाकट्याला दटावेल. धाकटं त्याच्यासमोर एका कुशीवर कलून अंग थरथरवू लागलं की समजा, जमलं. 'तू मोठी, मान्य' असं ते सांगत असतं. आमच्याकडच्या जोडीत अजूनही रोज खाण्याआधी हा प्रकार होतो.

समुद्रात ते ज्या प्राण्याच्या आश्रयाने राहतात त्या समुद्रफुलाची, म्हणजे ॲनिमोनची, त्यांना टाकीत गरज नाही. ते त्याच्याशिवाय पंधरा वर्षंही जगतात. ॲनिमोनला प्रखर दिवे आणि वर्षभर स्थिरावलेलं पाणी लागतं, आणि तो फिरता फिरता पंपात अडकून मेला तर सगळी टाकी नासते. क्लाउनफिश हॅचरीतलेच मागा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र बसवलेलं आहे आणि आपल्याकडे ते सहज मिळतात. असे मासे कोरडं खाद्यही खातात आणि पकडण्याच्या, प्रवासाच्या धक्क्यातून गेलेले नसतात.

राहिला मुलाचा निळा-पिवळा मासा. यलोटेल डॅमसेल असा मागा. अंग गडद निळं, शेपूट पिवळी, मोठा झाला तरी सात सेंटिमीटरच्या आसपास. डॅमसेलच आहे, पण त्या घराण्यात त्यातल्या त्यात मवाळ. एकच आणि सगळ्यात शेवटी, ही अट. तुमच्याकडचा निळा पूर्ण निळा असेल तर तो हा नव्हे, त्याचा स्वभाव तापट असतो.

क्रमाला महत्त्व आहे. भित्रे आधी, दांडगे नंतर. आधी गोबी आणि कोळंबी, मग फायरफिश, मग कार्डिनल, मग क्लाउनची जोडी, मग यलोटेल. प्रत्येक नव्या पाहुण्यामागे निदान दोन-तीन आठवडे जाऊ द्या, कारण वाढलेला कचरा पचवायला जिवाणूंनाही वाढावं लागतं. नवा मासा सोडायच्या दिवशी एक-दोन सुटे खडक थोडे हलवा, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळेच नव्याने जागा शोधू लागतात. आधी इतरांना खायला घाला, दिवे बंद करा, मग त्याला सोडा.

थोडा पाठलाग होणारच, त्याला घाबरू नका. पण नवा मासा वरच्या कोपऱ्यात, फिल्टरचं पाणी पडतं तिथे चिकटून राहिला, खायला खाली येईना, किंवा परांच्या कडा फाटलेल्या दिसल्या, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी दोघांतल्या एकाला वेगळं करा.

वेगळं करायला दुसरी छोटी टाकी हवी, आणि तीच प्रत्येक नव्या माशाची पहिली खोली. चाळीस-पन्नास लिटर, स्पंज फिल्टर, लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे दोन-तीन तुकडे, खाली वाळू नको. प्रत्येक मासा आधी तिथे चार आठवडे. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण ते मोठ्या टाकीत टाकलं तर कोळंबी मरते, म्हणून उपचार या छोट्या टाकीतच. आणि वर म्हटलेला दुसरा फायदा हा: त्या रोगाचा परजीवी माशावरून गळून वाळूत कोष करून बसतो आणि पुन्हा मासा शोधतो. मोठ्या टाकीत अडीच महिने एकही मासा नसेल तर तो उपासमारीने संपतो. तुमचे डॅमसेल गेल्यावर एवढी कळ काढा. त्या काळात थोडं खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणू जगतील.

दुकानात मासा आवडला की लगेच पिशवी बांधून घेऊ नका. 'खाऊन दाखवा' म्हणा. जो समोर खात नाही, ज्याचं पोट आत गेलेलं आहे किंवा जो कल्ले भराभर हलवतोय, तो घ्यायचा नाही. नुकताच आलेला असेल तर आठवडाभराने या. चांगल्या दुकानदाराला याचा राग येत नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. अलिबागचं पाणी नको. किनाऱ्याजवळचं पाणी कुठून काय घेऊन आलंय ते सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात त्यातला खारटपणाही उतरतो. आरओच्या पाण्यात ॲक्वेरियमचं मीठ कालवा, घनता १.०२५च्या आसपास ठेवा. वाफ होऊन पाणी कमी झालं की साधं आरओ पाणीच घाला, कारण मीठ उडून जात नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान २४ ते २७. डोंबिवलीच्या मे महिन्यात हे सांभाळणं सोपं नाही. पाण्यावर लावलेला पंखा कोरड्या हवेत छान काम करतो, दमट हवेत कमी. पाणी थंड करणारा चिलर महाग आहे, पण लायनफिशवर पुढे जो खर्च झाला असता तो तिकडे वळवा. वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवेचा पंप आजच आणून ठेवा.

आगाऊ दिलेल्या दोन हजारांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. दुकानदाराला सांगा, लायनफिश नको, त्याऐवजी हॅचरीतली क्लाउनची दोन पिल्लं आणि वॉचमन गोबी या खात्यात धरा, नेणार मात्र अडीच महिन्यांनंतर, टप्प्याटप्प्याने. डॉमिनो परत द्यायला जाल तेव्हाच हे बोलून पावतीवर लिहून घ्या. आणि मुलाला सोबत न्या. आपले मासे कुठले आणि कधी येणार, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं.